फसवणुकीत शिक्षा झालेला वकील परत कोर्टात उभा. सनद जात नाही का?

परळचा_पोऱ्या
मंडळी, इथे दोनचार वकील नियमित लिहितात म्हणून विचारतोय.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, कळवा-मुंब्र्याच्या मध्ये लोकलमधून पडून गेले. रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये दावा लावला. तेव्हा मृत्यूची भरपाई चार लाख होती, १ जानेवारी २०१७ पासून आठ झाली. वकील आम्ही शोधला नाही, त्याच्या माणसाने आम्हाला शोधलं. हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर. "ताई, आत्ता एक रुपया द्यायचा नाही, पैसे मिळाले की बघू." मावशी सातवी शिकलेली. त्याने तिला बँकेत नेऊन खातं उघडून दिलं, पासबुक आणि चेकबुक "ऑफिसात सुरक्षित राहील" म्हणून ठेवून घेतलं आणि कोऱ्या चेकांवर सह्या करून घेतल्या. पैसे कधी जमा झाले, कधी निघाले, तिला पत्ताच नाही. हातात पडले ऐंशी हजार, "खर्च वजा जाता" म्हणून.

पोलीस स्टेशनच्या खेपा, मग केस, मग तारखा. शेवटी मॅजिस्ट्रेटने फसवणूक, विश्वासघात आणि दोन चेकांवरच्या बनावट सह्या यात त्याला दोषी धरलं. तीन वर्षं सक्तमजुरी आणि दंड. आम्ही पेढे वाटले. तो त्याच दिवशी संध्याकाळी जामिनावर घरी.

परवा सोसायटीच्या कामासाठी दुसऱ्याच कोर्टात गेलो तर हे महाशय काळा कोट, पांढरा बँड लावून कोणाची तरी उलटतपासणी घेत होते. साक्षीदाराला दरडावत होते, "खोटं बोलताय तुम्ही!"

सरकारी कारकून ४८ तासांच्या वर कोठडीत राहिला तर निलंबित होतो. आमदाराला दोन वर्षांची शिक्षा झाली की २०१३ च्या निकालानंतर आमदारकी तिथल्या तिथे जाते. वकिलाचं काहीच नाही?

खडूस_काका
वकिलाची तक्रार वकिलांच्याच कमिटीपुढे करायची असते. आणखी काही सांगायला हवंय?

मुलुंडची_माई
अरे देवा. मावशी कशा आहेत आता? पैसे तरी परत मिळाले का?

परळचा_पोऱ्या
माई, पैसे अजून नाहीत. दंडातून भरपाई द्यायचा हुकूम आहे, पण अपील चालू आहे. मावशी डबे करते.

शिवडी_ते_किल्ला
पोऱ्या, मी याच धंद्यातला. मावशींना माझा नमस्कार सांगा. असली प्रकरणं एफआयआरपर्यंतसुद्धा पोचत नाहीत, त्यांनी शिक्षेपर्यंत नेलं.

आता कायदा. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१. त्यात १९७३ साली कलम २४अ घातलं. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सनद देऊ नये, असं ते सांगतं. पण ते कलम सनद मागायला आलेल्या माणसासाठी आहे. सनद घेऊन वीस वर्षं प्रॅक्टिस करणाऱ्याने तोच गुन्हा केला तर त्याचं नाव आपोआप कापलं जाईल, असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पाहुण्याला वहीत सही करायला लावतो आणि आत राहणाऱ्याने कोणाचं घर फोडलं तरी सलाम ठोकतो, तसा प्रकार.

आतल्या माणसासाठी कलम ३५. "व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन" झालंय असं राज्याच्या बार कौन्सिलला, म्हणजे वकिलांना सनद देणाऱ्या संस्थेला, वाटलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून कायमचं काढू शकते. "इतर गैरवर्तन" या शब्दांत तुमची शिक्षा अगदी सहज बसते. पण कोणीतरी ते प्रकरण तिथे न्यायला हवं. मॅजिस्ट्रेटच्या निकालाची प्रत बार कौन्सिलकडे आपसूक चालत जात नाही. तुम्ही तक्रार केली होती का?

परळचा_पोऱ्या
नाही. आम्हाला वाटलं शिक्षा झाली म्हणजे ते होणारच.

शिवडी_ते_किल्ला
सगळ्यांना तेच वाटतं. त्याच्याही हे पक्कं लक्षात असणार.

या फटीकडे सुप्रीम कोर्टाचं लक्ष गेलं २०१६ साली, महिपाल सिंग राणा प्रकरणात. उत्तर प्रदेशातल्या एटा इथला वकील, न्यायाधीशाला धमकावल्याबद्दल अवमानात दोषी. कोर्ट म्हणालं की आत येणाऱ्याला जी बंदी, ती आत असलेल्यालाही लागली पाहिजे. दोन वर्षं त्या बंदीपोटी, वर पाच वर्षं निलंबन. सोबत विधी आयोगाला सांगितलं की कायदाच तपासा. आयोगाने २०१७ मध्ये २६६ वा अहवाल दिला. २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने दुरुस्तीचा मसुदा काढला, तर वकील रस्त्यावर उतरले आणि तो फेरविचारासाठी मागे गेला. त्या मसुद्यातल्या बऱ्याच गोष्टींना माझाही विरोध होता, तो वेगळा विषय. पण शिक्षा झालेल्या वकिलाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

अंधेरी_लोकल
सनद गेली तरी सुटून दोन वर्षांनी परत मिळते म्हणे?

शिवडी_ते_किल्ला
दोन वर्षांचं ते कलम २४अ मधलं, नव्याने येणाऱ्यांसाठी. सुटकेनंतर दोन वर्षं झाली की आडकाठी संपते. मला स्वतःला ते फार सैल वाटतं. विधवेची भरपाई खाणारा माणूस चोवीस महिन्यांत सुधारतो हे कोणी ठरवलं?

निवृत्त_रोखपाल
मी राष्ट्रीयीकृत बँकेत काउंटरवर आयुष्य काढलंय. पोऱ्या, एक विचारते. पैसे बेअरर चेकने काढले ना? मग चेकच्या मागे घेणाऱ्याची सही असणार. रोकड देताना आम्ही चेक उलटा करून सही घेतोच, रक्कम मोठी असेल तर ओळखपत्राचा नंबरही लिहून घेतो. पुढून खातेदार, मागून कोण ते बघा.

परळचा_पोऱ्या
ताई, अगदी बरोबर ओळखलंत! त्यावरच केस उभी राहिली. मागे त्याच्या कारकुनाची सही होती, सगळ्या चेकांवर एकाच वळणाची. वकील म्हणत होता, "अशील स्वतः पैसे घेऊन गेली." मावशी सही करताना 'सुमन' मधल्या 'सु' चा उकार विसरते, नेहमीच. दोन चेकांवर उकार नीट काढलेला होता.

निवृत्त_रोखपाल
बघा! असे चेक बँकेत जपून ठेवलेले असतात, मागितले तर मिळतात. खात्याचा उतारा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टप्रमाणे शिक्का मारून घ्यायचा, म्हणजे कोर्टात साधा कागद राहत नाही. १८९१ चा कायदा आहे, अजून खणखणीत चालतो.

हॅरोकर
इंग्लंडमध्ये राहतो म्हणून इथली पद्धत सांगतो, फुशारकी म्हणून नाही. इथे सॉलिसिटरला अशिलाचे पैसे वेगळ्या क्लायंट अकाउंटमध्येच ठेवावे लागतात. अप्रामाणिकपणा सिद्ध झाला की जवळजवळ ठरलेलंच, नाव कापलं जातं. १९९४ च्या बोल्टन निकालात न्या. बिंगहॅम यांनी लिहिलंय की ही कारवाई मुख्यतः शिक्षा म्हणून नसतेच, लोकांचा सगळ्या व्यवसायावरचा विश्वास टिकावा म्हणून असते. त्यामुळे घरी लहान मुलं आहेत, कर्ज आहे, आजवरचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, या सबबी फौजदारी कोर्टात जेवढ्या चालतात तेवढ्या तिथे चालत नाहीत.

खडूस_काका
आले साहेब. तिकडे पाऊसही वेळेवर पडतो ना?

हॅरोकर
काका, रोज पडतो.

वकील_नवखा_ठाणे
मी नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली आहे. सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. रागावू नका.

पहिली गोष्ट, अपील चालू आहे. सेशन्स कोर्टात हा माणूस निर्दोष सुटला आणि तोवर सनद गेलेली असेल, तर ती वर्षं त्याला कोण परत देणार? दुसरं, केस हरलेला प्रत्येक माणूस समोरच्या वकिलावर तक्रार ठोकतो. आमच्या सीनियरवर अशी तक्रार झाली, ती पण विरुद्ध पक्षाने. २०२५ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिललाच खडसावलं की ज्याचं त्या वकिलाशी अशील म्हणून नातंच नाही, अशा विरुद्ध पक्षाच्या तक्रारी ऊठसूट समितीकडे पाठवू नका. तिसरं, शिस्तभंगाच्या चौकशीतही आरोप संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण माणसाचं पोट त्यावर असतं. यात चूक काय?

शिवडी_ते_किल्ला
नवखे, दुसरा आणि तिसरा मुद्दा मान्य. विरुद्ध पक्षाच्या सूडाच्या तक्रारींनी मीही पोळलोय.

पण पहिल्या मुद्द्यात गल्लत आहे. अपील केल्यावर कोर्ट शिक्षेची अंमलबजावणी थांबवू शकतं, पण त्याने दोषसिद्धी थांबत नाही. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी आधीच जामिनावर असेल तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन देतं. म्हणून तो त्या संध्याकाळी घरी गेला, त्यात काही गौडबंगाल नाही. पण कागदावर तो दोषी आहे. दोषसिद्धीला स्थगिती हवी तर वेगळा अर्ज लागतो आणि ती क्वचित मिळते. "अपील पेंडिंग आहे" हे वाक्य ऐकून लोक गप्प बसतात. बसू नये.

दुसरं असं की इथे तक्रार करणारी स्वतः अशील आहे, पुरावा तावूनसुलाखून निघालाय. ही सूडाची तक्रार नाही. अशा माणसाला निदान अपिलाचा निकाल लागेपर्यंत तरी दुसऱ्याच्या पैशाला हात लावू देऊ नये, एवढं तुम्हीही मान्य कराल.

वकील_नवखा_ठाणे
पैशाला हात लावू नये हे मान्य. प्रॅक्टिसच बंद करणं जड वाटतं.

मुलुंडची_माई
बाळा, मावशींचं चार लाखांचं जड वाटलं नाही त्याला.

गिरगाव_चौपाटी
शिक्षा झाली म्हणून सनद जावी, या नियमाची दुसरी बाजूही बघा. १९२२ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेनंतर लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेने गांधीजींचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं. परत घातलं १९८८ मध्ये. आपोआप सनद काढणारा कायदा केला तर आंदोलनात शिक्षा झालेला वकील आणि मावशींचा वकील एकाच माळेत येतील.

शिवडी_ते_किल्ला
म्हणूनच २४अ मध्ये "नैतिक अधःपतन" हा शब्द आहे. मोर्चात जमावबंदी मोडली, त्याचा इथे संबंध नाही. फसवणूक, अफरातफर, बनावट दस्तऐवज यांच्याबद्दल मात्र वाद नसावा. भांडण मधल्या गुन्ह्यांवर होतं. चेक बाउन्सच घ्या, त्याला सुप्रीम कोर्टानेच मुळात दिवाणी स्वरूपाचा म्हटलंय.

तुमच्या गिरगावापासून हाकेच्या अंतरावरचं उदाहरण देतो. दाभोळकर प्रकरण, सुप्रीम कोर्ट, १९७५-७६. आपल्या किल्ला कोर्टातलं, म्हणजे एस्प्लनेड कोर्टातलं. काही वकील दारातच उभे राहायचे, अशील दिसला की धावायचे, हाताला धरून ओढायचे, फीवरून एकमेकांना पाडायचे. काही वेळा मारामारीच. न्या. कृष्ण अय्यरांनी त्यावर असं काही लिहिलंय की वाचताना आजही त्या पायऱ्या दिसतात. शवागाराबाहेर माणूस उभा करणं हे त्याच जातीचं. आणि "पैसे मिळाले की बघू" म्हणजे निकालातला हिस्सा ठरवणं, तेही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तक्रारीत हे दोन्ही घाला. चेकांचं प्रकरण मोठं आहे म्हणून बाकीचं सोडू नका.

अंधेरी_लोकल
ग्राहक मंचात का नाही जात? सेवा दिली, सेवेत त्रुटी.

वकील_नवखा_ठाणे
तो दरवाजा १४ मे २०२४ ला बंद झाला. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं.

खडूस_काका
ठरवलं कोणी? वकिलांतूनच झालेल्या न्यायाधीशांनी. मी पहिल्याच प्रतिसादात काय लिहिलं होतं?

वर्सोवा_कोळीण
माझा वकील फी राहिली म्हणून माझ्या भावाच्या जमिनीची फाइलच देत नाही. हे पण इथे येतं का?

शिवडी_ते_किल्ला
ताई, येतं. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, आर. डी. सक्सेना निकाल, २०००. फी वसूल करायला त्याने दावा लावावा. आधी लेखी मागणी करा, रजिस्टर पोस्टाने.

खडूसकाकांच्या म्हणण्याला उत्तर देतो, कारण ते अगदीच खोटं नाही. समिती तिघांची. दोघे कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला, पण तोही किमान दहा वर्षं प्रॅक्टिस केलेला वकीलच. निवडून आलेल्यांना पुढच्या वेळी मतं वकिलांचीच हवी असतात. हे दुखणं खरं आहे आणि माझ्या मते एक तरी माणूस बाहेरचा हवा. पण सुप्रीम कोर्टापर्यंत अपील जातं आणि तिथे हात सैल नसतो. हरिश्चंद्र तिवारी प्रकरण, २००२. एका म्हाताऱ्या, निरक्षर शेतकऱ्याच्या जमिनीचा मोबदला, रुपये ८,११८. वकिलाने १९८७ मध्ये कोर्टातून उचलला आणि खिशात घातला. तक्रार झाल्यावर तडजोड झाल्याचं खोटं प्रतिज्ञापत्र आणलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने तीन वर्षं निलंबन दिलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, पुरे नाही, आणि नाव कायमचं काढलं. आठ हजारांसाठी. हा निकाल तक्रारीला जोडा.

परळचा_पोऱ्या
सर, तडजोडीचा विषय निघाला म्हणून. शिक्षा झाल्यावर त्याच्या माणसाने मावशीला निरोप दिलाय, दीड लाख घ्या आणि मिटवा. घेतले तर तक्रारीचं काय होईल?

शिवडी_ते_किल्ला
पैसे तिचे आहेत, चार लाखांतलेच आहेत. घ्यायचे की नाही हे तिने ठरवावं, आणि घेतले तर चेकने, पोचपावती स्वतःकडे ठेवून. "आमची काही तक्रार नाही" असल्या कागदावर मात्र सही नको, वाचून दाखवल्याशिवाय तर मुळीच नको. तक्रारदाराने माघार घेतली किंवा आपसात मिटलं एवढ्याच कारणावरून समितीने प्रकरण बंद करू नये, असं बार कौन्सिलच्या नियमातच आहे. तिवारीलाही तो कागद कामी आला नाही.

प्रक्रिया थोडक्यात. कौन्सिलचं ऑफिस फोर्टला, हायकोर्टाच्या एक्स्टेन्शन इमारतीत. अर्ज सही करून, दाव्यासारखा सत्यापित करून द्यायचा, ठरलेली फी भरायची. सोबत मॅजिस्ट्रेटच्या निकालाची सर्टिफाईड कॉपी, साधी झेरॉक्स नको. दोन्ही बाजूंच्या फोटोप्रतींसह चेक, ट्रायब्युनलचा निवाडा, वकीलपत्राची प्रत. वकीलपत्रावर त्याचा सनद नंबर असतो, तो अर्जात ठळक लिहा. समितीकडे गेलं की राज्याच्या महाधिवक्त्यांनाही नोटीस जाते. समितीने वर्षाच्या आत निकाल द्यायचा असतो, नाहीतर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. वर्षाची मुदत पाळा, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये परत बजावलंय. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत अपील. सनद निलंबित झाली की देशातल्या कुठल्याच कोर्टात उभं राहता येत नाही, फक्त मुंबईत नाही असं नव्हे.

निवृत्त_रोखपाल
सर्टिफाईड कॉपीच्या अर्जावर केस नंबर आणि निकालाची तारीख बरोबर टाका हो. आमच्या भाच्याचा अर्ज एका आकड्यापायी परत आला होता.

परळचा_पोऱ्या
सगळ्यांचे आभार. उद्याच कॉपीचा अर्ज टाकतो. एक शेवटचं. तक्रार इंग्रजीतच लागते का? मावशी म्हणते, मला वाचता येत नाही अशा कागदावर मी आता आयुष्यात सही करणार नाही.

वकील_नवखा_ठाणे
मराठीत चालते. राज्यभाषेत तक्रार देता येते असा नियम आहे, दिल्लीला पाठवायची वेळ आली तर इंग्रजी भाषांतर कौन्सिलनेच करायचं. मसुदा मी करून देतो, पैसे नकोत. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो. मावशींना समोर बसवून वाचून दाखवू आणि मगच सही.

खडूस_काका
नवख्या, शाब्बास. पोऱ्या, पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का.